मायराची रायफल आणि भावोजींचं इंग्रजी

मेथीची जुडी अर्धी निवडून झाली होती. पानं ताटात, काड्या पेपरवर, आणि भावोजी ब्लेझर घालून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"ऋजुता, ते राहू दे. मायराची रायफल बघायला जायचंय. तूही चल."

"मी येऊन काय करू भावोजी? मला मेथी आणि शेपूतला फरक कळतो. बंदुकीतलं काय कळणार?"

"कळायला कशाला हवं? माझ्यासारखा म्हातारा बंदुकीच्या दुकानात शिरला की लोक आधी दाराकडे बघतात. बरोबर बाईमाणूस असलं की बरं."

मी हात धुतले आणि निघाले.

भावोजी म्हणजे शशिधर, माझे थोरले दीर. मूळचे इचलकरंजीचे. लंडनमधल्या इल्फर्डच्या देविकाताईंशी लग्न करून ते या देशात आले आणि रिटायर होईपर्यंत त्यांनी तिथे बस चालवली. मूलबाळ झालं नाही. देविकाताई गेल्यावर माझ्या यजमानांनी, यतीननी, त्यांना आमच्याकडे आणलं. आमचं गाव नॉटिंगहॅमपासून अर्ध्या तासावर. तेव्हा आमची मायरा रिसेप्शनला, म्हणजे शाळेच्या अगदी पहिल्या वर्गाला जात होती. पहिल्याच आठवड्यात तिला शाळेत सोडायचं काम भावोजींनी मागून घेतलं आणि ती मोठ्या शाळेत जाईपर्यंत दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. वाटेत तिला मराठी शिकवायचे. झाड ते, फांदी ती, पाला तो. मायराला ते कधी जमलं नाही. आजही ती सगळ्या वस्तूंना पुरुषच समजते.

भावोजींचं इंग्रजी तसं उत्तम. डायव्हर्जन का आहे, पुढची बस कधी येईल, झिंगलेल्या माणसाला न भांडता खाली कसं उतरवायचं, हे सगळं त्यांना इंग्रजीत छान येतं. पण मनातलं काही इंग्रजीत सांगायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. देविकाताई जन्मानं इथल्या असूनही त्यांच्याशी मराठीतच बोलायच्या, आणि रुसायच्याही मराठीतच.

मायरा आता बावीस वर्षांची आहे. तिनं जंगलांच्या देखभालीचा कोर्स केला आणि स्कॉटलंडमधल्या एका मोठ्या इस्टेटीवर तिला शिकाऊ म्हणून जागा मिळाली. काम काय, तर हरणं मोजायची आणि ठरलेल्या हंगामात ठरलेली हरणं मारायची. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. तिनं हे सांगितलं त्या दिवशी मी दत्तापुढे बसले आणि काही मागताच येईना. हरणांसाठी मागायचं की मुलीसाठी, तेच ठरेना.

मायरा माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, "आई, इथे लांडगे नाहीत आता. हरणं नुसते वाढतात आणि छोटे झाडं सगळे खाऊन टाकतात. झाडं पण जीव आहेत ना?"

मी समईची वात पुढे सारली. भावोजींनी मात्र त्याच संध्याकाळी एनसीसीतल्या थ्री-नॉट-थ्री रायफलीची गोष्ट काढली. कोल्हापूरच्या कॅम्पात त्यांनी कसा नेम मारला होता, ते आम्ही पूर्वीही ऐकलं होतं. मायरानं पहिल्यांदाच मधे प्रश्न विचारले. त्यांचा चेहरा असा उजळला होता की मी माझं म्हणणं गिळून टाकलं.

तिनं दोन हिवाळे दुसऱ्याच्या रायफलवर, त्या माणसाच्या देखरेखीखाली काम केलं होतं. ही जागा घ्यायची तर शरद ऋतू सुरू व्हायच्या आत स्वतःची रायफल हवी होती आणि त्याआधी स्वतःच्या नावाचं पोलिसांचं सर्टिफिकेट. एवढं झालं की नोकरी पक्की. आमच्या घरात त्या उन्हाळ्यात दुसरा विषय नव्हता.

दुकान शेताच्या कडेला, एका जुन्या कोठारात होतं. आत तेलाचा आणि ओल्या कुत्र्याचा वास. ढगळ स्वेटर घातलेला दुकानदार मायराशीच बोलायला लागला, आम्हा दोघांना त्यानं खुर्च्या दिल्या. भावोजी खुर्चीवर टेकलेच नाहीत. भिंतीला साखळीनं अडकवलेल्या रायफलींपुढून ते हात मागे बांधून फिरत होते. अक्रोडाच्या लाकडाची एक लांब रायफल त्यांना फारच आवडली.

"ही बघ मायरा. थ्री-ओ-एट. आमच्या थ्री-नॉट-थ्रीची धाकटी बहीणच. ही घे."

"काका, नंबर बघून घेतात का?"

"मग चपला कशा घेतेस?"

दुकानदारानं ती रायफल रिकामी असल्याचं उघडून दाखवलं आणि मायराच्या हातात दिली. म्हणाला, डोळे मिट, खांद्याला लाव, मानेला त्रास न देता गाल टेकव आणि मग डोळे उघड. रायफलीवरच्या दुर्बिणीत काय दिसतं सांग.

"अर्धं काळं दिसतं," मायरा म्हणाली.

तिनं मलाही वाकून बघायला लावलं. अमावास्येकडे निघालेल्या चंद्रासारखी एक कड तेवढी उजळ होती. दुकानदारानं समजावून सांगितलं की मागचा दस्ता हिच्या हातांना लांब पडतो, म्हणून डोळा जागेवर येत नाही. मग त्यानं आतून एक करडी, आखूड दस्त्याची, वापरलेली रायफल आणली. सहा पॉइंट पाचची. गोळी जरा लहान, खांद्याला धक्का कमी, पण मोठ्या हरणालाही पुरेशी. मायरानं डोळे मिटून ती खांद्याला लावली, उघडले, आणि काही न बोलता हसली. पूर्ण गोल दिसत होता.

"प्लास्टिकची?" भावोजी म्हणाले. "जत्रेत फुगे फोडायला जाणार आहेस का?"

"काका, तो हलका आहे. पावसात फुगत नाही."

"ती. रायफल ती."

"ती हलका आहे."

"हलकी."

दुकानदारानं विचारलं, सगळं ठीक आहे ना? "ग्रामर," भावोजी म्हणाले. तो गोंधळून माझ्याकडे बघायला लागला.

मग तो भावोजींनाच उद्देशून बराच वेळ बोलला. भावोजी ऐकत गेले, तशी त्यांची मान हळूहळू हलायला लागली. परत येताना गाडीत त्यांनी मला ते मराठीत सांगितलं. "तो म्हणाला, थंडीनं बोटं गारठलेली असतात, माणूस दमलेला असतो, आणि तेव्हाच जनावर समोर येतं. त्या वेळी जी अंगाला बसते तीच रायफल घ्यायची. नेम चुकून जनावर जखमी होऊन पळालं, तर त्याच्यासारखं वाईट काही नाही. ऋजुता, मी भिंतीवर शोभेल अशी बघत होतो. पोरीनं बरोबर निवडली."

माझ्याही मनावरचं ओझं त्या दिवशी थोडं उतरलं. सर्टिफिकेटशिवाय रायफल हातात मिळत नाही, म्हणून दुकानदारानं तिला मायराच्या नावाची चिठ्ठी बांधून आत ठेवली होती.

पुढे पोलिसांच्या लायसन्स ऑफिसची बाई घरी तपासणीला यायची होती. जिन्याखालच्या कपाटात यतीननी लोखंडी पेटी भिंतीला बोल्ट मारून बसवली. तिची किल्ली फक्त मायराकडे राहणार, घरातल्या दुसऱ्या कुणाला ती कुठे आहे हेही कळता कामा नये, असा नियम. भावोजींनी तो इतका मनावर घेतला की मायरा किल्ली ठेवायला वर गेली की ते परसात जाऊन उभे राहायचे.

बाई आली ती साधी, माझ्याच वयाची, केस पांढरे होऊ दिलेली. तिनं पेटी हलवून बघितली, मायराला प्रश्न विचारले, तिच्या कामाची माहिती घेतली. सगळं झाल्यावर आम्ही स्वयंपाकघरात बसलो. मी चहा आणि शंकरपाळे दिले. तिनं शंकरपाळे दोनदा घेतले. मग सहज विचारावं तसं तिनं भावोजींना विचारलं, घरच्यांना काय वाटतं? मायराला हे कितपत हवंय?

भावोजी त्या प्रश्नाचीच वाट बघत होते. ब्लेझरची बटणं लावलेली होती. ते पुढे सरकून बसले आणि म्हणाले, "मॅडम, हर लाइफ इज इन धिस. इफ शी डझन्ट गेट इट, शी विल गिव्ह हर लाइफ. आय नो धिस गर्ल."

मी कपात चहा ओतत होते. मला त्यात काही वावगं ऐकू आलं नाही. तिचा जीव आहे यात, नाही मिळालं तर जीव देईल पोरगी. आपण म्हणतोच ना. मी स्वतः मोदकांबद्दलसुद्धा असं म्हणते.

बाईनं कप खाली ठेवला. मायराशी थोडं एकटीशी बोलू का, असं विचारलं. दोघी मागच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. बराच वेळ बसल्या. भावोजी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "झालं बघ काम. बाईच्या मनात भरली आपली पोर."

मायराला ईमेल आली ती काही आठवड्यांनी. अर्ज नामंजूर. तिनं ती वाचून दाखवली आणि फोन पालथा ठेवला. अर्जदाराच्या स्वतःच्या सुरक्षिततेबद्दल चिंता, असं काहीसं त्यात होतं.

"स्वतःच्या?" यतीन म्हणाले. "हे कुठून आलं? दादा, तुम्ही त्या बाईशी काय बोललात?"

"चांगलंच बोललो. म्हटलं, यात तिचा जीव आहे."

"इंग्रजीत काय बोललात?"

"हेच. शी विल गिव्ह हर..."

तिथे ते थांबले. त्यांनी टेबलाच्या कडेला हात टेकवला. मायरा उठून वर निघून गेली.

दुसऱ्या दिवशी भावोजींनी त्या ऑफिसला फोन लावला. स्पीकरवर ठेवला, कारण हल्ली त्यांना एका कानानं कमी ऐकू येतं. बसच्या कंट्रोल रूमशी बोलावं तसे ताठ उभे राहून बोलत होते. इन अवर लँग्वेज, जीव मीन्स लाइफ, बट नॉट ओन्ली लाइफ. मी दमलो तर माझा जीव दमतो. कुणावर माया असली तर जीव लावतो. मुंगीसुद्धा जीव. इट इज जस्ट अ वे ऑफ स्पीकिंग, मॅडम. मी हे देवघरापाशी उभी राहून ऐकत होते आणि मला वाटत होतं की किती नीट सांगतायत, आता ती हसेल आणि सगळं मिटेल.

ती हसली नाही, पण मऊ आवाजात बोलली. म्हणाली, मला समजलं, तुम्ही फोन केलात ते चांगलं केलंत. पण कारण फक्त तेवढंच नव्हतं.

"देन व्हॉट?"

"ते मला तुम्हाला सांगता येणार नाही. मायराला विचारा."

मायरा हॉलमध्ये वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. भावोजी तिच्यासमोर जाऊन सोफ्यावर बसले. मी दारात उभी राहिले. तिनं सगळं ऐकलं होतंच.

"काका, तुम्ही चुकीचं ट्रान्सलेट नाही केलं," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तिने मला विचारलं, हॅव यू एव्हर थॉट ऑफ इट. मी यस म्हटलं."

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं नव्हतं, की कळून घ्यायचं नव्हतं, कोण जाणे. मायराच्या हातात माझा पंचा होता. त्याची ती पुन्हा पुन्हा तशीच घडी घालत होती.

"ए-लेव्हल्सच्या, शाळेच्या लास्ट वर्षी. मी कुणालाच सांगितलं नाही, जीपी डॉक्टरला पण नाही. रोज सकाळी उठायचं का तेच मला कळत नव्हतं. मग मला ते जंगलातलं व्हॉलंटिअरिंग मिळालं. हरणं मोजायचे होते. पहाटे जावं लागायचं. म्हणून उठायचे." थोडं थांबून ती म्हणाली, "ते पण सांगितलं मी तिला. तिने लिहून घेतलं. शी वॉज रिअली नाइस."

"नाही म्हणायचं होतंस," भावोजी म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता.

"मला खोटं बोलून बंदूक नको होता, काका."

बंदूक नको होती. आम्हा तिघांनाही ऐकू आलं. भावोजींनी ते दुरुस्त केलं नाही.

यतीननी सगळी माहिती काढली. कोर्टात दाद मागता येते, नाहीतर काही वर्षांनी पुन्हा अर्ज करता येतो. मायरा म्हणाली, कोर्टात मला ते सगळं पुन्हा बोलायला लावतील, मी नाही जाणार. इस्टेटीनं थोडे दिवस वाट पाहिली आणि ती जागा दुसऱ्याला दिली. दुकानदाराला यतीननीच कळवलं. त्याला वाईट वाटलं म्हणे. ती करडी रायफल आता दुसऱ्या कुणाच्या खांद्याला बसली असेल.

मी त्या बाईला दोष देऊ शकत नाही. तिच्या जागी मी असते आणि समोर कुणाची तरी मुलगी खरं बोलली असती, तर मीही तिच्या हातात बंदूक दिली नसती. पण जी गोष्ट आमच्या मुलीला सकाळी अंथरुणातून उठवत होती, तीच तिच्या हातून गेली, हेही तितकंच खरं. या दोन्ही गोष्टी मी रोज दत्तासमोर ठेवते. एक खोटी आहे असं मला कुठूनतरी कळेल असं आधी वाटायचं. आता वाटत नाही. दिवा लावते, हात जोडते, उठते.

घरातून तो एक शब्द गेला. कुणी ठरवलं नाही, पण गेला. भावोजी पूर्वी जिना चढून आले की "जीव गेला बाबा" म्हणायचे. आता नुसते धापा टाकत उभे राहतात. फोनवर माझी नागपूरची तनूवहिनी तिच्या नातवाबद्दल म्हणाली, जीव लावतो गं, आणि मी लगेच तिकडच्या पावसाचं विचारलं. माझ्या रोजच्या स्तोत्रात तो शब्द आला की आवाज आपोआप खाली जातो. देवाशीही आम्ही जपून बोलायला लागलो.

भावोजी तर बोलेनासेच झाले. इंग्रजी त्यांनी टाकलंच म्हणायचं. कोपऱ्यावरच्या दुकानात आता मी जाते. शेजारी हवा कशी आहे म्हणाला, तर मान हलवतात. बस स्टॉपवर नव्या ड्रायव्हरांशी गप्पा मारायचा त्यांचा शिरस्ता होता, तोही बंद. एकदा दुपारी ते जिन्याखालचं कपाट उघडून रिकाम्या पेटीसमोर उभे होते. मी म्हटलं, यतीनना सांगून ती काढून टाकू या. ते म्हणाले, "असू दे. भिंतीला भोकं पडतील." मी त्यांना जेवायला हाक मारली, तरी बराच वेळ आले नाहीत.

मायरा आता एका वेअरहाऊसमध्ये पार्सलं भरते. शिफ्टला जाते, येते, खाते. काउन्सेलरकडे जाते, यतीन सोडायला जातात. आम्ही तिला बरं वाटतंय का विचारतो, ती "फाइन" म्हणते. पहाटे उठत नाही. मी तिच्या खोलीचं दार किलकिलं करून बघते, ती झोपलेली असते, आणि मला सुटल्यासारखं वाटतं. झोपलेल्या मुलीकडे बघून सुटल्यासारखं वाटावं, असे दिवस आले आहेत.

यतीन म्हणतात, दादांची चूक झाली नसती तर आपल्याला कधी कळलंच नसतं. ते बरोबर आहे. पण कळून आम्ही केलं काय? आम्ही तिला चमच्यांसारखं मोजतो. ती वर गेली की कुणीतरी काहीतरी आणायला वर जातं. सर्वांत वाईट भावोजींचं झालंय. ते तिला नजरेआड होऊच देत नाहीत. परवा ती उठली, तर हे लगेच उठले.

"काका, मी बाथरूमला चाललेय. येताय का?"

भावोजींचे कान लाल झाले. ते बसले. मायरा जाऊन आली, त्यांच्या शेजारी बसली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं. दोघं टीव्हीकडे बघत राहिले. टीव्ही बंद होता.

मी एकदा त्यांना म्हटलं, "भावोजी, तुम्ही काही वाईट बोलला नव्हतात. तुम्ही तिच्यावरच्या मायेनं बोललात."

ते म्हणाले, "ऋजुता, मी तिला रोज शाळेत सोडत होतो. हात धरून."

शिफ्ट संपायच्या आधीच ते वेअरहाऊसपाशी पोहोचतात. मायरानं दोनदा सांगितलं की येऊ नका, तिथली मुलं हसतात, तुझा ग्रँडॅड आला म्हणतात. तेव्हापासून ते फाटकाशी जात नाहीत. रस्त्याच्या पलीकडे, बस शेल्टरमागे उभे राहतात. ती बाहेर पडली की तिच्यापासून अंतर ठेवून मागे चालत येतात. तिला ते माहीत आहे. ती वळून बघत नाही, पण चालते हळू, त्यांच्या गुडघ्यांना झेपेल इतकं.

आज पाऊस आहे. जाऊ नका म्हणून मी सकाळपासून सांगतेय. भावोजींनी बूट घातले आहेत, छत्री काढली आहे. मायराची शिफ्ट आता सुटेल. तिला आणायला त्यांना वेअरहाऊसपाशी जायचंय.